जंगलातली माणसं, वाघ आणि पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात बाहेरच्या जगाशी काहीही संपर्क नसलेले लोक अजून राहतात, अशी बातमी अधूनमधून आपल्या सगळ्यांच्याच फोनवर येते. विमानातून काढलेला फोटो असतो, अंगाला लाल रंग लावलेली माणसं असतात, हातात धनुष्यबाण. आपण तो फोटो पुढे पाठवतो आणि कुणीतरी त्यावर लिहितं, ‘यांना असंच सुखात राहू द्या, त्यांचं जंगल त्यांना ठेवा.’

ही भावना चांगली आहे. पण मग हाच विचार आपल्या कोयना-चांदोलीच्या जंगलाला लावून बघितला तर? तिथे मात्र आपलं मत बरोबर उलटं असतं. ‘जंगल वाचवायचं तर माणसं बाहेर काढायला हवीत’ हे वाक्य सातारा-सांगलीकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. अ‍ॅमेझॉनमध्ये माणसासकट जंगल राखायचं आणि सह्याद्रीत माणसं वगळून राखायचं, असं का? या दोन विचारांमागे कोणतं शास्त्र आहे, कोणता कायदा आहे आणि त्यात कुणाचं काय पणाला लागलंय, हे या लेखात टप्प्याटप्प्याने बघू.

‘संपर्क नसलेले’ म्हणजे नेमके कोण?

आधी एक गैरसमज दूर करू. हे लोक ‘अश्मयुगात अडकलेले’ वगैरे नाहीत. अ‍ॅमेझॉनमधल्या बऱ्याच गटांना बाहेरचं जग चांगलं माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिथे रबराचा धंदा तेजीत आला. मजूर मिळवण्यासाठी आदिवासींना पकडून नेलं गेलं, कित्येक मारले गेले. त्यातून जे वाचले त्यांच्यातले काही नद्या सोडून आत, डोंगराकडे सरकले. म्हणजे त्यांचा एकांत हा बऱ्याचदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. म्हणूनच अभ्यासक ‘स्वेच्छेने एकांतात राहणारे’ असा शब्द वापरतात.

ब्राझीलच्या सरकारी आदिवासी खात्याकडे, म्हणजे ‘फुनाई’कडे, अशा गटांच्या ११४ नोंदी आहेत. त्यातल्या २८ पक्क्या झालेल्या आहेत, बाकीच्या ठिकाणी फक्त खाणाखुणा सापडल्या आहेत. १९८७ पर्यंत या खात्याचं धोरण होतं की आपण जाऊन संपर्क करायचा, भेटवस्तू द्यायच्या आणि त्यांना ‘मुख्य प्रवाहात’ आणायचं. १९८७ मध्ये ते बदललं. आता धोरण असं की त्यांच्या जमिनीची हद्द आखायची, बाहेरच्यांना आत जाऊ द्यायचं नाही आणि आपणही जायचं नाही. संपर्क करायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं.

भारतात असं उदाहरण अंदमानात आहे. उत्तर सेंटिनेल बेटाभोवती ५ किलोमीटरपर्यंत कुणालाही जायला बंदी आहे. त्याला आधार आहे १९५६च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाचा. लांबून लक्ष ठेवायचं, हात लावायचा नाही, असं ते धोरण आहे.

संपर्काने एवढं काय बिघडतं?

हा भाग मला सांगायला आवडतो, कारण इथे गणित आहे.

गोवराचं उदाहरण घ्या. तो अत्यंत संसर्गजन्य आहे. लस नसलेल्या, आधी गोवर न झालेल्या लोकसंख्येत एक रोगी साधारण १२ ते १८ जणांना तो देतो. पण एकदा गोवर होऊन गेला की माणसाला आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. म्हणजे विषाणूला जगायचं तर सतत नवी, न झालेली माणसं हवीत. ती येणार कुठून? जन्मणाऱ्या बाळांतून. हिशोब केला तर असं दिसतं की गोवर एखाद्या समाजात कायमचा टिकायला तिथे काही लाख माणसांची एकत्र वस्ती लागते. अडीच ते पाच लाख हा आकडा पाठ्यपुस्तकांत सापडतो.

आता दोनशे-तीनशे माणसांचा गट घ्या. तिथे गोवर टिकूच शकत नाही. त्यामुळे कुणालाच त्याची प्रतिकारशक्ती नसते. बाहेरून एक माणूस तो घेऊन आला की सगळा गट जवळजवळ एकाच सुमारास आजारी पडतो. लहान-मोठे सगळेच. मग पाणी कोण आणणार, स्वयंपाक कोण करणार, लेकराला कोण बघणार? पुष्कळ मृत्यू विषाणूपेक्षा या उपासमारीने आणि तहानेने होतात.

अंदमानात हे घडून गेलंय. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. १८७७ मध्ये गोवराची साथ आली, इतर रोगही आले. १९६१च्या जनगणनेत ते १९ उरले होते. १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवर पसरला. त्या वेळी उपचार पोहोचले म्हणून फार मोठी हानी टळली.

म्हणजे सेंटिनेल बेटाभोवतीची बंदी ही तिथल्या माणसांच्या जिवासाठी आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण कोयनेकडे आल्यावर तो लागू होत नाही. कोयनेतल्या लोकांना लस मिळते, ते मतदान करतात, त्यांची पोरं मुंबईला कामाला असतात. त्यांना बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवण्याचं वैद्यकीय कारण काहीच नाही. मग त्यांच्या बाबतीत कोणता मुद्दा उरतो? जमिनीचा आणि जंगलाचा.

जंगल कुणाच्या ताब्यात जास्त टिकतं?

ब्राझीलमध्ये ‘मॅपबायोमास’ नावाचा एक मोठा प्रकल्प आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून देशातला प्रत्येक तुकडा दरवर्षी काय होता, जंगल, कुरण की शेत, याची ते नोंद ठेवतात. १९९० ते २०२० या तीस वर्षांत आदिवासींच्या आखलेल्या जमिनींवर मूळ वनस्पतींचं आच्छादन साधारण १ टक्का कमी झालं. खासगी जमिनींवर ते २० टक्क्यांच्या आसपास घटलं.

इथे शास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक सावधगिरी सांगायला हवी. आदिवासी जमिनी बऱ्याचदा रस्त्यांपासून लांब असतात, त्यामुळे तिथे मुळातच जंगलतोड कमी होणार. पण हे अंतर जमेस धरून केलेल्या अभ्यासांतही फरक उरतो. हक्क नोंदलेले असले, हद्द आखलेली असली, की जंगल जास्त टिकतं. कारणही साधं आहे. लाकूडतोडे, खाणवाले किंवा गुरांची कुरणं काढणारे आले की सगळ्यात आधी कळतं ते तिथे राहणाऱ्याला. आणि ‘ही जागा माझी आहे’ असं कागदावर असेल तर तो तक्रार करू शकतो. कागद नसेल तर तोच अतिक्रमण करणारा ठरतो.

आता आपल्या घाटमाथ्यावर या

सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेच्या टोकाला कोयना अभयारण्य आहे, त्याच्या दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान. कोयना १९८५ मध्ये अभयारण्य झालं. चांदोलीही त्याच वर्षी अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, त्यातला ६०० चौरस किलोमीटरचा गाभा आणि बाकीचं बफर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरलाय. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यात महाराष्ट्रातल्या चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

हे वर्षावन आहे का? थोडं हो, थोडं नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये पाऊस वर्षभर विभागून पडतो. आपल्याकडे पाथरपुंज, नवजा या भागात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मग सात-आठ महिने कोरडे. त्यामुळे आपलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित अशा पट्ट्यांचं आहे. ओढ्याकाठी, खोलगट जागी जांभूळ, अंजनी, पिसा यांची गर्द राई. वर उघडे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारं, पावसाळ्यात गवताने आणि फुलांनी भरणारी. उतारावर कारवी. शेकरू, गवा, सांबर, अस्वल, बिबट्या इथलेच.

हा राई-सडा-उतार असा मिश्र नकाशा मुद्दाम सांगितला, कारण इथल्या माणसांचं जगणं त्याच्यावर बेतलेलं होतं.

इथे कोण राहत होतं, कोण राहतं?

दोन मुख्य समाज. खोऱ्यात, नदीकाठी कुणबी-मराठा शेतकऱ्यांची गावं, भातशेती करणारी. आणि वर डोंगरमाथ्यावर गवळी धनगरांचे वाडे. शिवाय काही ठिकाणी कातकरी. महाराष्ट्रात सरकारने ज्या तीन जमातींना ‘आदिम’ म्हणून वेगळं नोंदवलंय त्यातली एक कातकरी. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड.

गवळी धनगरांवर माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या पर्यावरणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचायला हवा. त्यांनी विचारलेला प्रश्न सोपा होता. एकाच डोंगरात दोन समाज शेकडो वर्षं राहतात, मग ते एकमेकांच्या पोटावर पाय का देत नाहीत?

उत्तर असं की दोघांनी डोंगर वाटून घेतला होता. कुणबी खाली, भात, नाचणी आणि शिकार. गवळी धनगर वर, म्हशी आणि थोडी कुमरीची, म्हणजे फिरती शेती. वरच्या जोरदार पावसात म्हशींना गवत आणि पाणी भरपूर. बाजार लांब, त्यामुळे दूध विकणं शक्य नाही. म्हणून लोणी-तूप करायचं आणि घाट उतरून कोकणातल्या किंवा देशावरच्या बाजाराला न्यायचं. बदल्यात धान्य, मीठ, कापड. एक वाडा म्हणजे मोजकी घरं, दुसरा वाडा चांगला लांब, कारण चराईला तेवढी जागा लागते. जीवशास्त्रात दोन प्रजाती एकाच जंगलात वेगवेगळं खाऊन सोबत राहतात, तसंच काहीसं हे.

म्हणजे हे लोक ‘संपर्क नसलेले’ कधीच नव्हते. रस्ता, शाळा, दवाखाना न मिळाल्यामुळे ते बाजूला पडले. आजही कित्येक धनगरवाड्यांतून आजारी माणसाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. हा एकांत त्यांनी मागितलेला नाही.

आणि मग हे वाटून घेतलेलं जग मोडत गेलं. आधी धरण. १९६०च्या दशकात कोयनेचं पाणी अडलं, शिवसागर भरला आणि खोऱ्यातली सुपीक भाताची जमीन बुडाली. पुढे वारणेवर चांदोलीचं धरण झालं. काही कुटुंबं लांब गेली, काही पाण्याच्या वर, डोंगरात सरकली. १९८५ मध्ये त्याच डोंगराचं अभयारण्य झालं. २०१० मध्ये तोच व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाला. धरणाने एकदा उठवलेल्या कुटुंबाला जंगलासाठी पुन्हा उठायला सांगणं, हा अनुभव कोयनेकडच्या लोकांनी घेतलाय. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्तांची आंदोलनं इतकी वर्षं का चालू आहेत, याचं उत्तर यात आहे.

कायदा काय म्हणतो?

इथे दोन कायदे एकत्र वाचावे लागतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही २००६चे.

पहिला, वन्यजीव कायद्यातली २००६ची दुरुस्ती. तिने व्याघ्र प्रकल्पाचा गाभा ‘वाघांसाठी अबाधित’ ठेवायला सांगितलं. पण त्याच कलमात हेही लिहिलंय की हे करताना आदिवासी आणि इतर वननिवासींच्या हक्कांना धक्का लागता कामा नये, आणि पुनर्वसन स्वेच्छेनेच व्हायला हवं.

दुसरा, वनहक्क कायदा. त्याप्रमाणे अशा क्षेत्रातून लोकांना हलवण्याआधी काही पायऱ्या पूर्ण व्हाव्या लागतात. थोडक्यात अशा:

१. आधी तिथल्या लोकांचे वनहक्क ओळखून नोंदवायचे.
२. त्यांच्या राहण्याने वन्यप्राण्यांची कायमची हानी होते हे दाखवायचं.
३. सहजीवनाचा दुसरा कोणताही मार्ग शक्य नाही, या निष्कर्षाला यायचं.
४. सुरक्षित उपजीविका देणारी पुनर्वसन योजना तयार करायची.
५. ग्रामसभेची माहितीपूर्ण, मुक्त आणि लेखी संमती घ्यायची.
६. नव्या जागी जमीन आणि सुविधा तयार झाल्याशिवाय कुणालाही हलवायचं नाही.

क्रम नीट बघा. हक्क आधी, हलवणं नंतर. कारण हक्क नोंदवलेलाच नसेल तर ‘नुकसानभरपाई कशाची?’ हा प्रश्न उभा राहतो. आणि ज्याच्या हातात कागदच नाही, त्याच्या संमतीला ‘मुक्त’ म्हणायचं कसं?

सरकारचं स्वेच्छा पुनर्वसनाचं पॅकेज कुटुंबाला १० लाख रुपयांचं होतं, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून गाभ्यातल्या गावांच्या पुनर्वसनाचा कालबद्ध आराखडा मागितला. त्यात देशभरातली ५९१ गावं आणि ६४,८०१ कुटुंबं मोजलेली होती. म्हणजे हा प्रश्न इतिहासात जमा झालेला नाही.

पंचाहत्तर वर्षांची अट

आता आपल्या भागाचा खरा अडथळा. वनहक्क कायदा दोन प्रकारच्या लोकांना लागू होतो. अनुसूचित जमाती, ज्यांनी १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जंगलात राहत असल्याचं दाखवायचं. आणि ‘इतर पारंपरिक वननिवासी’, ज्यांनी त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवायचं.

गवळी धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत, अनुसूचित जमातींच्या नाहीत. कुणबी-मराठाही नाहीत. म्हणजे कोयना-चांदोलीच्या बहुतेक लोकांना १९३०च्या आधीचा पुरावा लागतो. आता डोंगरमाथ्यावर म्हशी घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे १९३०चा कागद कुठून असणार? जमीन एकतर सरकारी किंवा खालच्या गावातल्या कुणाच्या नावावर. सातबारावर वाड्याचं नाव नाही.

पण कायदा नीट वाचला तर दोन दारं उघडी दिसतात. एक, ७५ वर्षं तोच तुकडा कसलेला असण्याची गरज नाही. त्या जंगल-परिसरात राहणं आणि त्यावर अवलंबून असणं पुरेसं आहे. आदिवासी कार्य मंत्रालयानेही हा खुलासा केलेला आहे. दोन, विशिष्ट कागदच हवा असा आग्रह समित्यांना धरता येत नाही. जुनी घरं, विहिरी, बांध, देवस्थानं, दफनाच्या जागा, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्धाचा लेखी जबाब, हे सगळं पुरावा म्हणून चालतं.

आणि इथे माझ्यासारख्यांच्या कामाचा उपयोग आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर वस्त्या, पायवाटा, विहिरी दाखवलेल्या असतात, कित्येकदा वाड्याच्या नावासकट. अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेर उपग्रहांनी १९६०च्या दशकात काढलेली चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यांत मोकळी केलेली शेतं ओळखू येतात. १९७२ पासून लँडसॅटची चित्रं आहेत. एखादी वस्ती कुठे होती आणि कधी वर सरकली, हे यांची सांगड घालून सांगता येतं. उपग्रह १९३०पर्यंत मागे जात नाही, हे खरं. पण १९६०च्या चित्रात जुनं, रुळलेलं शेत दिसत असेल तर ते आदल्या वर्षी झालेलं नाही, एवढं नक्की म्हणता येतं. त्याला जुना नकाशा, देवराईतलं ठाणं आणि म्हाताऱ्या माणसाचा जबाब जोडला की पुराव्याची साखळी तयार होते. हे काम महागडं नाही. त्यासाठी ग्रामसभेत बसायला तयार असलेली माणसं लागतात.

माणसं हलवली की जंगल वाढतं का?

याचं प्रामाणिक उत्तर: कधी कधी वाढतं.

कर्नाटकात भद्रा व्याघ्र प्रकल्पातून २००१-०२च्या सुमारास गावं बाहेर आली. नंतर जंगलावरचा ताण कमी झाला, प्राण्यांना जागा मिळाली. आणि तिथे लोकांना सिंचनाची जमीन मिळाली, म्हणून ते पुनर्वसन देशातल्या चांगल्या उदाहरणांत मोजलं जातं. स्वतःहून बाहेर पडू इच्छिणारी गावंही असतात. पाथरपुंजसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात जगाशी संबंध तुटतो, तिथले लोकच पुनर्वसन मागत आले आहेत. आपण शहरात बसून ‘त्यांनी जंगलातच राहावं’ म्हणणं हाही एक प्रकारचा हट्टच.

उलटं उदाहरणही कर्नाटकातलंच. बिळिगिरी रंगाच्या डोंगरातल्या सोलिगा आदिवासींना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पात राहूनच सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे आज वाघही आहेत आणि सोलिगाही. तिथली एक गोष्ट फार बोलकी आहे. सोलिगा पूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग लावत. वनखात्याने ती बंद केली. सोलिगांचं म्हणणं, आग थांबल्यामुळे घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगूळ वाढलं. बेंगळुरूच्या ‘एट्री’ संस्थेच्या संशोधकांनी हे म्हणणं गांभीर्याने घेऊन तपासलं आणि त्यात तथ्य असल्याचं त्यांना दिसलं. याचा अर्थ सगळीकडे आगी लावा असा नाही. कोयनेच्या सदाहरित राईला आग घातकच. अर्थ एवढाच की तिथे राहणाऱ्याचं निरीक्षण ही माहिती आहे, आणि ती तपासून बघण्यासारखी असते.

राजस्थानात सरिस्कामध्ये २००४-०५च्या सुमारास एकही वाघ उरला नाही. ते काम शिकारी टोळ्यांचं होतं. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या व्याघ्र कृती दलाने सांगितलं की स्थानिक लोक सोबत असल्याशिवाय वाघ वाचणार नाही.

मग सह्याद्रीत? इथे वाघ टिकायला हरणं-सांबरांसारखं भक्ष्य हवं आणि दक्षिणेकडे राधानगरी, पुढे गोवा-कर्नाटकाकडे जाणारा जोडमार्ग हवा. २०१८ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला तो फार वर्षांनी. २०२५ मध्ये ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला परवानगी मिळाली आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ताडोब्याची पहिली वाघीण चांदोलीत आली. मला स्वतःला याचा आनंद आहे. पण तो जोडमार्ग कशाने तुटतो हेही बघा. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते आहेत. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पात सातारा जिल्ह्यातली २३५ गावं घेण्याचा आराखडा आला. दहा म्हशींच्या वाड्याने वाघाला अडचण होते आणि रिसॉर्टने होत नाही, असं कुठलंही शास्त्र मला माहीत नाही.

हललेली माणसं कुठे जातात?

सातारा-सांगलीचं एक वैशिष्ट्य म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये पाऊस दहापट कमी होतो. पश्चिमेला पाच हजार मिलिमीटर, पूर्वेला माण, आटपाडी, जत भागात पाचशेच्या आसपास. पाच हजारवाल्याला पाचशेच्या मुलुखात नेऊन ‘एवढी एकरं दिली’ म्हणणं म्हणजे कागदावरची बरोबरी. म्हैस पाळणाऱ्याला तिथे म्हैस परवडत नाही. भात येत नाही. करवंद, हिरडा, मध, शिकेकाई, ओढ्यातलं पाणी, जे फुकट होतं ते विकत घ्यावं लागतं. पंधरा लाखांत याची किंमत धरलेली नसते.

दुसरी बाजू अजून कमी बोलली जाते. पुनर्वसनासाठी सरकारी जमीन शोधताना पहिली नजर जाते गायरानावर आणि ‘पडीक’ माळावर. पण माणदेशातला माळ पडीक नसतो. तिथे मेंढपाळ धनगर शेकडो वर्षं मेंढरं चारतात, आणि तो गवताळ माळ स्वतः एक जुनी परिसंस्था आहे; लांडगा, खोकड, काळवीट तिथलेच. मराठीतल्या जुन्या साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दिग्विजय पाटील आणि आशीष नेर्लेकर या संशोधकांनी अलीकडे दाखवलंय की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान ७५० वर्षं जुने आहेत. म्हणजे डोंगरातल्या धनगराला वाघासाठी उठवून माळावरच्या धनगराच्या चराईत बसवायचं, असं होऊ शकतं.

तर मग आपण काय बघायचं?

‘माणसं की जंगल’ असा प्रश्न कुणी विचारला तर लगेच बाजू घेऊ नका. सेंटिनेल बेटावर एकांत जिवासाठी आहे, तिथे आपण लांब राहायचं. अ‍ॅमेझॉनमध्ये हद्द आखल्याने माणूस आणि जंगल दोघंही टिकतात. कोयनेत प्रश्न हक्काच्या नोंदीचा आहे.

पुढच्या वेळी पेपरात ‘अमुक गावाचे स्वेच्छा पुनर्वसन’ अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा. त्या गावाचे वनहक्काचे दावे निकाली निघालेत का? ग्रामसभेचा लेखी ठराव आहे का, आणि त्या सभेला वरच्या वाड्यावरची माणसं, बायका धरून, होती का? नवी जमीन कुठे आहे आणि तिथे आज कोण गुरं-मेंढरं चारतंय? बातमीत उत्तर नसेल तर माहिती अधिकारात विचारता येतं. दाव्यांवर निर्णय घेणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्यांकडे याच्या नोंदी असायलाच हव्यात.

आणि तुमच्या घरात पाटण, जावळी, शिराळा भागातलं कुणी सत्तरी-ऐंशीतलं माणूस असेल, त्यांना कुठला वाडा कुठे होता, पाणी कुठल्या ओढ्याचं, देव कुठल्या राईत, हे आठवत असेल, तर बसून लिहून घ्या. तारीख टाका, सही किंवा अंगठा घ्या. कायद्यात वृद्धांच्या जबाबाला पुरावा म्हणून जागा आहे. १९३०च्या दशकात जन्मलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.